टियागो ईव्ही: एकाच गाडीच्या सात किमती कशासाठी?

२८ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा मोटर्सने टियागो ईव्ही ही इलेक्ट्रिक गाडी जाहीर केली, तेव्हा बातम्यांत एकच आकडा गाजला: ८ लाख ४९ हजार. प्रत्यक्ष दरपत्रकात मात्र सात ओळी होत्या आणि शेवटच्या ओळीतली किंमत होती ११ लाख ७९ हजार. बाहेरून गाडी तीच, दारं तितकीच, डिकी तेवढीच. गंमत म्हणजे दोन वेगळ्या ओळींसमोर एकच किंमत छापलेली होती, ११ लाख २९ हजार. एक होती एक्सझेड प्लस, दुसरी एक्सझेड प्लस टेक लक्स. दुसरीत सजावट जास्त आणि पहिलीत चार्जर मोठा. पैसे तेवढेच मोजून दोन माणसं दोन वेगळ्या गाड्या घरी नेत होती, आणि त्यांतल्या कितीजणांना हे नीट माहीत असेल याबद्दल मला शंका आहे.

पेट्रोल गाडीत प्रकार बदलला की बहुतेक वेळा फक्त साज बदलतो. म्युझिक सिस्टीम, चाकांवरच्या टोप्या, मागचा वायपर. इंजिन आणि टाकी खालपासून वरपर्यंत तीच. त्या सवयीने आपण इलेक्ट्रिक गाडीचं दरपत्रक वाचतो आणि तिथेच फसतो. कारण या यादीत तीन वेगळे निर्णय एकाखाली एक गुंफलेले असतात: बॅटरी केवढी, गाडीतला चार्जर केवढा आणि साज किती. पहिल्या दोन गोष्टी गाडी घेतल्यावर तुमच्या हातात राहत नाहीत. तिसरी पुष्कळशी राहते. सीट कव्हर, स्पीकर, मागचा कॅमेरा हे सगळं बाजारात पुढच्या वर्षीही मिळेल.

आता ती यादी सोलून पाहू. या सगळ्या त्या वेळच्या सुरुवातीच्या शोरूम किमती आहेत. आरटीओ आणि विमा वेगळा. सगळ्यात खाली एक्सई, ८.४९ लाख. तिच्यावर एक्सटी, ९.०९ लाख, बॅटरी तीच, साठ हजार साजाचे. मग पुन्हा एक्सटीच, पण ९.९९ लाख, इथे साज तोच आणि नव्वद हजार मोठ्या बॅटरीचे. मग एक्सझेड प्लस १०.७९ लाख, म्हणजे ऐंशी हजार साजाचे. टेक लक्स ११.२९ लाख, आणखी पन्नास हजार साजाचे. आणि शेवटी मोठा चार्जर हवा असेल तर वरच्या दोन प्रकारांत आणखी पन्नास हजार. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा फरक ३ लाख ३० हजार रुपयांचा. त्यातले १ लाख ९० हजार साजाचे आणि १ लाख ४० हजार विजेचे. इलेक्ट्रिक गाडी घेताना जो खर्च गाडी किती चालणार आणि किती वेळात भरणार हे ठरवतो, तो फरकाच्या निम्म्याहूनही कमी आहे.

पुढे यादी आटोपशीर झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये किमती उतरल्या आणि सुरुवात ७.९९ लाखांवर आली. बॅटरीचे आकडे नावातून मागे पडून ‘मिडियम रेंज’ आणि ‘लाँग रेंज’ हे शब्द पुढे आले. गोंधळ त्याने कमी झाला असं मला वाटत नाही. उलट एक सोपा आकडा जाऊन त्याच्या जागी विशेषण आलं.

बॅटरी: १९.२ आणि २४

हे आकडे किलोवॉट-अवरचे. नाव जड वाटलं तरी तुम्ही ते दर महिन्याला वाचता, कारण वीजबिलातलं एक युनिट म्हणजेच एक किलोवॉट-अवर. लहान बॅटरीत १९.२ युनिट वीज मावते, मोठीत २४. फरक ४.८ युनिटचा. एक्सटीच्या दोन किमतींमधले नव्वद हजार या ४.८ युनिटने भागले तर एका युनिटच्या जागेला पावणेएकोणीस हजार रुपये पडले. महाग की स्वस्त हे त्या जागेचा तुम्ही किती वापर करता यावर ठरेल.

‘लाँग रेंज’ या शब्दाला स्वतःचं माप नाही. जानेवारी २०२४ मध्ये टाटाचीच पंच ईव्ही आली. तिची ‘मिडियम रेंज’ २५ युनिटची होती आणि ‘लाँग रेंज’ ३५ ची. म्हणजे पंचची मधली बॅटरी टियागोच्या लांब पल्ल्याच्या बॅटरीपेक्षा मोठी. एकाच शोरूममध्ये, एकाच कंपनीच्या दोन गाड्यांवर. तेव्हा विक्रेता ‘लाँग रेंज आहे साहेब’ म्हणाला की आपण शांतपणे ‘किती युनिट?’ एवढंच विचारावं.

बॅटरीबरोबर आणखी एक गोष्ट बदलते आणि ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. लहान बॅटरीच्या गाडीची ताकद ४५ किलोवॉट आहे, मोठीची ५५ किलोवॉट. जुन्या भाषेत सुमारे ६१ आणि ७५ अश्वशक्ती. शून्य ते साठचा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यांनुसार एकीला ६.२ सेकंद लागतात, दुसरीला ५.७. मग लहान गाडीत मोटर कमी दर्जाची बसवली आहे का? तसं समजायचं कारण नाही. बॅटरी शेकडो छोट्या सेलची बनलेली असते आणि प्रत्येक सेलमधून एका वेळी किती वीज ओढायची याला मर्यादा असते. जास्त ओढली तर सेल तापतो आणि लवकर थकतो. मोठ्या बॅटरीत मुळात साठा जास्त, म्हणून एकूण ओढताही जास्त येते. हिशेब करून पाहा: ४५ भागिले १९.२ आणि ५५ भागिले २४. दोन्ही उत्तरं २.३ च्या आसपास येतात. म्हणजे दर युनिट बॅटरीमागे दोन्ही गाड्यांकडून जवळजवळ सारखंच काम घेतलं जातं.

शहरात हा दहा किलोवॉटचा फरक फारसा कळणार नाही. सिग्नल सुटल्यावर लागणारा जोर दोघींतही जवळपास सारखाच आहे, ११० आणि ११४ न्यूटन-मीटर. एक्सप्रेसवेवर ऐंशीच्या वेगात असताना पुढच्या ट्रकला ओलांडायचं असेल, गाडीत चार माणसं असतील, तेव्हा कळेल.

३१५ किलोमीटर कुठे गेले?

२०२२ च्या जाहिरातीत लहान बॅटरीचा पल्ला २५० किलोमीटर होता आणि मोठीचा ३१५. दोन वर्षांनी त्याच २४ युनिटच्या गाडीसमोर तीनशेच्या आतला आकडा दिसू लागला. जुन्या गाड्यांच्या जाहिराती आणि नवं माहितीपत्रक शेजारी ठेवलं की वाटतं, नवी गाडी खराब झाली की काय. गाडी तीच आहे, परीक्षा बदलली.

भारतात पल्ला मोजायची जी ठरलेली चाचणी आहे तिचं संक्षिप्त नाव एमआयडीसी. इथे त्याचा अर्थ औद्योगिक वसाहत असा नाही, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला हवं. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत रोलरवर चाकं फिरवून, ठरलेल्या वेळी ठरलेला वेग धरून होते. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात शहरातल्यासारखं थांबत-चालत जायचं आणि वेग ५० च्या वर न्यायचाच नाही. दुसऱ्या भागात वेग ९० पर्यंत जातो. इलेक्ट्रिक गाड्यांचा जाहीर होणारा पल्ला बराच काळ फक्त पहिल्या भागावर काढला जात होता. २०२४ च्या उत्तरार्धात कंपन्यांनी दोन्ही भाग मिळून येणारा आकडा सांगायला सुरुवात केली आणि सगळ्यांचेच आकडे उतरले.

वेगाचा एवढा परिणाम का? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पन्नासचा वेग शंभर केला तर विरोध दुप्पट न होता चौपट होतो. पेट्रोल गाडीतही हे घडतंच, पण तिथे इंजिन शहरात इतकं इंधन वाया घालवतं की हायवेवर सरासरी सुधारल्यासारखी वाटते. इलेक्ट्रिक गाडी सिग्नलला उभी असताना मोटर काहीच खात नाही आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत बॅटरीत जाते. म्हणून ती शहरात काटकसरी आणि हायवेवर खर्चिक. पेट्रोलच्या नेमकी उलट. हा उलटेपणा अंगवळणी पडायला वेळ लागतो.

शिवाय चाचणीत एसी बंद असतो. एप्रिलमध्ये नागपुरात ते करून दाखवावं. एसी चालू, दोन-तीन माणसं, कधी शहर, कधी हायवे, असं धरलं तर २४ युनिटच्या गाडीकडून दोनशेच्या आसपास आणि १९.२ च्या गाडीकडून दीडशे-एकशेसाठ किलोमीटरची अपेक्षा ठेवणं शहाणपणाचं. म्हणजे एका युनिटला आठ-साडेआठ किलोमीटर. आता नव्वद हजारांचा हिशेब पुन्हा मांडा: ४.८ युनिटमागे प्रत्यक्षात मिळाले चाळीस किलोमीटर.

चाळीस किलोमीटर कमी वाटतात. पण ते नेमके कुठे कामाला येतात हे पाहिलं तर मत बदलू शकतं. मुंबईहून पुण्याला, म्हणजे दादरहून शिवाजीनगरला जायचं आहे. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. वाटेत खंडाळ्याचा घाट. माणसांसकट गाडी चौदाशे किलोची धरली आणि समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर वर न्यायची म्हटली, तर फक्त उंची चढायला सव्वादोन युनिट लागतात. मोटरमधली गळती धरून अडीच. लहान बॅटरीचा तो आठवा हिस्सा आहे. त्यात एक्सप्रेसवेचा वेग. १९.२ ची गाडी घरून पूर्ण भरून निघाली तरी वाटेत थांबून भरल्याशिवाय पुण्यात पोहोचेल याची खात्री मी देणार नाही. २४ ची गाडी बेताचा वेग ठेवून पोहोचू शकते. उलट येताना दोघींचंही सोपं, कारण घाट उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि थोडी वीज परत देते. टियागोत हे परत घेणं किती कडक असावं याच्या पायऱ्या दिलेल्या आहेत आणि त्या सगळ्या प्रकारांत आहेत. फक्त बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर वीज परत घ्यायला जागाच नसते. तेव्हा लोणावळ्यात गाडी काठोकाठ भरून लगेच घाट उतरायला लागू नये.

दुसरी बाजू वयाची. कंपनीची हमी बॅटरी आणि मोटरला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत. दोन्ही बॅटरींना सारखीच. पण बॅटरी म्हातारी होते ती किलोमीटरने कमी आणि पूर्ण भरून रिकामं होण्याच्या फेऱ्यांनी जास्त. १ लाख ६० हजार किलोमीटर चालायला लहान बॅटरीला हजारावर पूर्ण फेऱ्या लागतील, मोठीला सुमारे आठशे. आणि समजा काही वर्षांनी दोघींची क्षमता वीस टक्क्यांनी घटली. दीडशेचे एकशेवीस झाले, दोनशेचे एकशेसाठ. शहरात रोज तीस-चाळीस किलोमीटर चालवणाऱ्याला या दोन्हींनी काही फरक पडत नाही. घरात एकच गाडी असणाऱ्याला आणि गावी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आईवडील असणाऱ्याला पडतो. माझं मत स्पष्टच सांगतो: घरात दुसरी गाडी असेल तर १९.२ पुरे, हीच एकमेव गाडी असेल तर साजातले पैसे कापून २४ घ्या.

३.३ आणि ७.२: भिंतीवरचा डबा की गाडीतला?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. घरच्या सॉकेटमधून येणारी वीज एसी असते, म्हणजे दिशा पालटत राहणारी. बॅटरी फक्त एका दिशेची, डीसी वीज साठवते. मधे कुणीतरी रूपांतर करायला हवं, आणि ते करणारं यंत्र गाडीच्या आत बसवलेलं असतं. ३.३ किंवा ७.२ किलोवॉट हे त्या आतल्या यंत्राचं माप. भिंतीवर लावतात तो डबा खऱ्या अर्थाने चार्जर नसतोच. तो सुरक्षितपणे वीज जोडतो आणि तोडतो, गाडीशी बोलून किती वीज देता येईल ते सांगतो. त्यामुळे ३.३ ची गाडी घेऊन तुम्ही भिंतीवर ७.२ चा डबा लावलात तरी गाडी ३.३ नेच भरेल.

मग पन्नास हजार देऊन ७.२ घ्यावं का? आधी घरचा हिशेब. गाडीबरोबर १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायची केबल येते, म्हणजे गीझरला असतं तसलं सॉकेट. तिने २४ ची बॅटरी १० टक्क्यांपासून पूर्ण भरायला कंपनीच्या आकड्यानुसार ८.७ तास लागतात. रात्री दहाला लावली की सकाळी सातच्या आत भरली. १९.२ ला सात तास. आणि रोज बॅटरी १० टक्क्यांवर येतच नाही. पन्नास किलोमीटर फिरून आलात तर सहा युनिट भरायचे, त्याला अडीच तास. ७.२ ने पूर्ण भरायला ३.६ तास लागतात हे खरं, पण रात्री झोपेत असताना ते पाच तास वाचवून करायचं काय?

त्यात ७.२ किलोवॉट म्हणजे ३१ अँपिअर. त्यासाठी जाड वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि घरच्या वीजबिलावर छापलेला ‘मंजूर भार’ तेवढा असायला हवा. बऱ्याच फ्लॅटमध्ये तो नसतो. मग महावितरणकडे भारवाढीचा अर्ज, सोसायटीची परवानगी, मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची केबल. हा खर्च दरपत्रकात कुठेच दिसत नाही.

७.२ चा खरा उपयोग घराबाहेर आहे. मॉल, हॉटेल, ऑफिसच्या पार्किंगमध्ये एसीचे चार्जिंग पॉइंट असतात आणि त्यातले बरेच सात किलोवॉटच्या घरातले. दोन तास खरेदीत गेले तर ३.३ च्या गाडीत सहा युनिट पडतील, ७.२ च्या गाडीत त्याच्या दुप्पट. म्हणजे पन्नास किलोमीटर किंवा शंभर. ज्यांना दिवसभर शहरात फिरती आहे, किंवा ज्यांना घरी सॉकेटच मिळणार नाही आणि बाहेरच भरायचं आहे, त्यांनी जरूर घ्यावं. बाकीच्यांसाठी ते पन्नास हजार बॅटरीकडे वळवलेले बरे.

हायवेवरचे मोठे डीसी चार्जर या सगळ्याला बगल देतात. ते बाहेरच रूपांतर करून सरळ बॅटरीत वीज सोडतात, म्हणून गाडीतला चार्जर ३.३ चा आहे की ७.२ चा याने तिथे काहीच फरक पडत नाही. कंपनी म्हणते, १० ते ८० टक्के भरायला तासाभराच्या आत काम होतं, दोन्ही बॅटरींचं. यातून एक हिशेब निघतो. २४ चे सत्तर टक्के म्हणजे १६.८ युनिट, तासाभरात भरले तर सरासरी वेग सतरा किलोवॉटच्या आसपास. चार्जरवर ६० किंवा १२० लिहिलेलं असलं तरी टियागो तेवढी घेतच नाही. तेव्हा ३० किलोवॉटचा पॉइंट मोकळा असताना साठच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. आणि त्याच एका तासात लहान बॅटरीत १३.४ युनिटच पडतात. म्हणजे मोठ्या बॅटरीची गाडी तासाभराच्या थांब्यानंतर एकशेचाळीस किलोमीटर पुढे जाईल, लहान एकशेदहा. प्रवासात लहान बॅटरी जास्त वेळा थांबवते आणि प्रत्येक थांब्यात कमीही देते.

साजाबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे आणि तो दरवर्षी बदलतो. वरच्या प्रकारांत लेदरसारख्या सीट आणि बऱ्यापैकी म्युझिक सिस्टीम. खालच्या एक्सईत यातलं फारसं नाही. हे हाताने चाचपून ठरवण्याचे विषय आहेत.

आता २०२२-२३ च्या गाड्या जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत आणि तिथे सातही ओळी एकत्र सापडतात. एक्सटी म्हटली की १९.२ असू शकते, २४ ही असू शकते. टेक लक्स ३.३ ची आणि टेक लक्स ७.२ ची बाहेरून ओळखू येत नाहीत. जाहिरातीत ‘३१५ किमी रेंज’ लिहिलेलं असेल तर निदान बॅटरी २४ ची असल्याचा दावा आहे असं समजा, आणि तो मूळ इन्व्हॉइसवर तपासा. तिथे पूर्ण प्रकार लिहिलेला असतो. चार्जरचा प्रश्न कागदावर सुटला नाही तर गाडी एखाद्या सात किलोवॉटच्या एसी पॉइंटला न्या, बॅटरी निम्मी असताना लावा आणि अर्धा तास थांबा. पॉइंटच्या ॲपवर दीड युनिटच्या आसपास दिसले तर आत ३.३ आहे, तीनच्या वर गेले तर ७.२.